विमानतळाशेजारचे वावर



या अंकात लागणीचा किंवा खोडव्याचा लेख नाही. या वेळचा विषय जमिनीचाच आहे, पण जमिनीच्या वरच्या बाजूचा आहे.

गेल्या हंगामात मौजे चिखला येथील दोन सभासद गट ऑफिसात आले होते. दोघेही खाणीतून निवृत्त झालेले. बिरसी विमानतळाच्या बाजूला शेती व प्लॉट विकायला निघाले आहेत, भाव चढणार म्हणतात, घ्यावे की नाही, अशी त्यांची विचारणा होती. त्यातील एकाची लेक त्याच भागात दिलेली आहे. जावयाचे वावर विमानतळाच्या कुंपणापासून फार लांब नाही, आणि धुऱ्यावर निलगिरी लावायचा त्याचा विचार आहे. तलाठी काही बोलत नाही, शेजारी म्हणतो लावू नको, तर खरे काय? आम्ही शेतकी खात्याची माणसे, विमानाचा आमचा संबंध आभाळात आवाज आला की मान वर करण्यापुरता. पण वावराचा प्रश्न म्हटल्यावर कागद पाहणे भाग पडले. जे कळले ते सर्वांपुढे ठेवतो, कारण असा प्रश्न त्या दोघांचाच असेल असे वाटत नाही.

बिरसी आपल्याला परके नाही. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर ते भंडारा जिल्ह्यातच होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, इंग्रजांनी कामठ्याजवळ ही धावपट्टी बांधली. युद्ध संपले, इंग्रज गेले. पुढे ती आधी सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, मग औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि २००५ नंतर भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. वैमानिक तयार करणारी शाळा तिथे निघाली, लहान विमाने घिरट्या घालू लागली. तिकीट काढून बसण्याचे नियमित विमान उडायला मात्र १३ मार्च २०२२ उजाडले; इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी ती फेरी होती. डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने हैदराबाद व तिरुपतीकडे विमान सुरू केले. धावपट्टी होती तिथेच आहे. पण तिच्यावर मोठे विमान उतरू लागले, की आजूबाजूच्या वावरांचा हिशोब बदलतो. हे दलाल सांगत नाही.

चिखल्याच्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. सातबारा आपल्या नावाचा असला तरी खालचे मँगनीज आपले नसते. पिढ्यान्‌पिढ्या खाणीच्या शेजारी राहिलेल्याला हे ठाऊक आहे. विमानतळाच्या शेजारी तीच गोष्ट वरच्या अंगाला लागू होते. वावर आपले, धुरा आपला, विहीर आपली. पण ठराविक उंचीच्या वरचे आभाळ आपले नाही. त्या दोघांपैकी एकजण चिडून म्हणालाच, "साहेब, माह्या वावरात मी काय लावाव, हे इमानवाला कोन सांगनारा?" प्रश्न चुकीचा नाही. उत्तर मात्र कायद्यात दिलेले आहे.

१९३४ च्या विमान कायद्यात ९-अ हे कलम १९७२ साली घातले गेले. विमानतळाच्या मध्यबिंदूपासून २० किलोमीटरपर्यंतच्या जमिनीवर इमारत बांधणे किंवा झाड लावणे यांवर केंद्र सरकार बंधन घालू शकते, आणि आधीपासून उभे असलेले बांधकाम किंवा झाड कमी करायलाही सांगू शकते, असे ते कलम होते. त्यालाच जोडून ९-ब मध्ये नुकसानभरपाईची तरतूद होती. ती फार कोणाला माहीत नसते, म्हणून मुद्दाम सांगतो. १ जानेवारी २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला, त्यातही हा अधिकार ठेवलेला आहे. उंचीचे प्रत्यक्ष माप ठरवणारे नियम २०१५ सालचे आहेत, त्यांत २०२० साली दुरुस्ती झाली.

चिखला गाव बिरसीच्या २० किलोमीटरच्या वर्तुळात येत नाही, खूप बाहेर आहे. तेव्हा चिखल्याच्या धुऱ्यावरची निलगिरी खुशाल वाढू द्या. ती उसाचे पाणी पिते हा आमचा आक्षेप वेगळा. प्रश्न जावयाच्या वावराचा आणि विकत घ्यायच्या प्लॉटचा आहे.

आता उंचीचा हिशोब. विमान धावपट्टीवर सरळ वरून पडत नाही, लांबून तिरके उतरत येते. त्याच्या वाटेखाली मोकळीक हवी म्हणून धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढे एक कल्पित उतार धरलेला असतो. नरसाळे आडवे धरावे तसा: टोकाजवळ सुमारे ३०० मीटर रुंद, आणि पुढे दोन्ही अंगांनी फाकत जाणारा. मुंबईत याला फनेल झोन म्हणतात. तिथल्या विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर भागांत कितीतरी जुन्या इमारतींची पुनर्बांधणी या नरसाळ्यामुळे अडली, कारण वर मजला चढवता येत नाही आणि मजला चढल्याशिवाय बिल्डर येत नाही. आपल्याकडे मजल्यांचा प्रश्न कमी, झाडांचा जास्त.

यंत्राच्या मदतीने विमाने उतरवणाऱ्या मोठ्या धावपट्टीसाठी हा उतार टोकापासून ६० मीटरवर सुरू होतो आणि दर ५० मीटरला १ मीटर वर चढतो. म्हणजे टोकापासून २०० मीटरवर वावर असेल तर उंचीची मर्यादा २.८ मीटर. आपल्या भाषेत नऊ फूट. आता बोला! चांगल्या खताचा, चांगल्या पाण्याचा ऊस दहा-बारा फूट उभा राहतो, आणि तुरा आला तर आणखी वर. म्हणजे त्या वावरात घर तर नाहीच, आपला उभा ऊससुद्धा मर्यादेच्या वर जातो. ५०० मीटरवर मर्यादा ८.८ मीटर, म्हणजे साधारण २९ फूट. तिथे ऊस, तूर, धान सगळे चालेल, साधे घरही बसेल, पण माडी आणि तिच्यावर पाण्याची टाकी चढवायची तर फूट मोजावे लागतील. बांबूचे बेट तिथे बसणार नाही. १ किलोमीटरवर १८.८ मीटर. निलगिरी ती उंची चार-सहा वर्षांत गाठते आणि पुढेही वाढतच राहते. म्हणून जावयाचे वावर नरसाळ्याखाली आहे की धावपट्टीच्या बाजूला, हे आधी पाहावे. बाजूचा हिशोब वेगळा आहे: तिथे दर ७ मीटरला १ मीटर असा उभट चढ धरतात, म्हणजे बाजूच्या वावराला टोकाच्या वावरापेक्षा खूप मोकळीक मिळते. नरसाळे सोडून चारही बाजूंना सुमारे ४ किलोमीटरपर्यंत ४५ मीटरची मर्यादा असते. ती शेतकऱ्याला जाचत नाही. मोबाइलचा मनोरा, धान गिरणीची उंच चिमणी किंवा आपल्यासारख्या कारखान्याचे बॉयलर उभारणाऱ्याला ती जाचते.

एक बारीक गोष्ट राहते. ही उंची वावराच्या मातीपासून मोजायची नसते, धावपट्टीच्या पातळीपासून मोजायची असते. वावर धावपट्टीपेक्षा दोन मीटर खोल असेल तर दोन मीटर जास्त मिळतात, टेकाडावर असेल तर तितके कमी. दोन शेजाऱ्यांना दोन निरनिराळी उत्तरे मिळतात ती यामुळे. त्यात कोणी कोणाचे पैसे खाल्ले असे लगेच धरू नये.

एवढी काटेकोरपणे मोजणी कशासाठी, असे वाटेल. त्यासाठी आपल्याच राज्यातील एक घटना सांगतो. २६ एप्रिल १९९३. तेव्हाचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर, तेथील चिकलठाणा विमानतळ. इंडियन एअरलाइन्सचे विमान ११८ माणसे घेऊन मुंबईकडे निघाले. ऊन कडक, विमान भरलेले, आणि वैमानिकाने नाक उचलायला उशीर केला. धावपट्टी जवळजवळ संपली तेव्हा विमान जमिनीवरून सुटले. धावपट्टीच्या टोकाला लागूनच बीडकडे जाणारा रस्ता होता आणि त्या वेळी रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठींचा ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि डावे इंजिन रस्त्यापासून सुमारे ७ फूट उंचीवर त्या ट्रकला लागले. तसेच लंगडत विमान पुढे गेले, सुमारे ३ किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना अडकले आणि कोसळले. ५५ माणसे गेली. चौकशीत वैमानिकांच्या चुकीबरोबर आणखी एक कारण नोंदवले गेले: विमान उडण्याच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक थांबवण्याची जी व्यवस्था असायला हवी होती, ती तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने ठेवली नव्हती.

ट्रक कायद्याने रस्त्यावर होता. त्या ड्रायव्हरने काहीही वाकडे केले नव्हते. कापूस शेतकऱ्याचा, रस्ता सरकारचा, तारा वीज मंडळाच्या, आणि प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी बरोबर होती. त्या सर्व एकाच रेषेत येऊ देणे हे बरोबर नव्हते. आपल्या उसाच्या भरलेल्या ट्रॉलीची मोळी जमिनीपासून अकरा-बारा फुटांवर जाते, म्हणजे त्या ट्रकला विमान लागले त्या उंचीच्या दीडपट. हंगामात रात्रंदिवस ट्रॉल्या चालतात. विमानतळाच्या टोकाजवळून गाडीरस्ता काढायची मागणी एखाद्या गावाने केली आणि ती अडवली गेली, तर ती काय कारणाने अडवली हे या घटनेवरून समजावे. अशा वेळी मागणी सोडू नये, रस्ता वळसा घालून मागावा, म्हणजे तो मिळतो आणि टिकतो.

उंची झाली. आता शेजार. विमानाला ट्रकपेक्षा अधिक वेळा जे आडवे येते ते पाखरू. आपल्या देशात त्यात घार पुढे असते. घार धानासाठी येत नाही, घाणीसाठी येते. म्हणून १९३७ च्या विमान नियमांत ९१ वा नियम असा आहे की विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावर कापणे, सोलणे, कचरा किंवा घाण टाकणे मना आहे. गावच्या भाषेत सांगायचे तर मेलेले ढोर नाल्यात टाकून यायचे नाही, खड्डा करून मीठ-चुना घालून पुरायचे. हे खरे म्हणजे विमानतळ असो नसो, करायला पाहिजे. ग्रामपंचायतीचा उकिरडाही यात येतो.

आणि पाचट. हा विषय आला की आमचे सभासद हसतात, साहेबांची गाडी शेवटी पाचटावर येणार म्हणून. येऊ द्या. धावपट्टीच्या वाऱ्याकडच्या बाजूला दोन एकर पाचट पेटले, तर सकाळच्या दमट हवेत तो धूर जमिनीलगत पसरतो आणि उतरणाऱ्या वैमानिकाला पट्टी दिसेनाशी होते. शिकाऊ पोरे विमान चालवत असतात, हेही लक्षात घ्यावे. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत दाबावे, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि जिवाणू खत टाकावे, खोडव्याला पाण्याची एखादी पाळी कमी लागते. जाळून हाती काय येते?

फवारणीच्या ड्रोनचे नवे प्रकरण आहे. ऊस उंच झाला की पाठीवरच्या पंपाने आत शिरता येत नाही, म्हणून बरेच सभासद आता ड्रोनवाल्याला बोलावतात; आम्हीही त्याला उत्तेजन देतो. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या कुंपणापासून ५ किलोमीटरपर्यंत लाल पट्टा असतो, तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. ५ ते ८ किलोमीटरचा पट्टा पिवळा, तिथे उड्डाण नियंत्रकाची परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. फवारणी उसाच्या शेंड्यावर दहा फुटांवरच होते, मग कशाला परवानगी, असे ड्रोनवाला म्हणेल. नियमात "दहाच फूट" अशी सवलत नाही. दंड ड्रोनवाल्याला होईल, पण फवारणी अर्ध्यावर राहील ती आपल्या वावरात.

आता प्लॉटकडे येऊ. विमानतळ म्हटले की जमिनीचा भाव चढतो हे अर्धे खरे आहे. नागपूरला २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि मिहानचे नाव निघाले. हजारो हेक्टरचा तो प्रकल्प. त्याच्या नुसत्या बातमीने वर्धा रोडकडच्या वावरांत चुन्याच्या रेघा पडल्या, लेआउट झाले. काहींना पैसा मिळाला, काहींचे पैसे बिगरशेती न झालेल्या तुकड्यात अडकले. भाव चढतो तो मंजूर आराखड्यात रहिवासी किंवा व्यापारी पट्टा दाखवलेल्या, रस्ता असलेल्या, उंचीची अडचण नसलेल्या जागेचा. नरसाळ्याखालच्या वावराचा भाव चढत नाही, आणि उद्या धावपट्टी लांबवायची ठरली तर सर्वांत आधी तेच वावर संपादनात जाते. दलाल ज्या जागेला "विमानतळाला अगदी खेटून" म्हणून मिरवतो, तीच जागा घर बांधायला सर्वांत वाईट असू शकते. त्या दोघा सभासदांना आम्ही म्हटले, भाऊ, फंडाचा पैसा आहे, आयुष्यभर खाणीत उतरून मिळवलेला. विकणाऱ्याला तीन कागद मागा: चालू सातबारा, बिगरशेती आदेशाची प्रत, आणि नगररचना कार्यालयाचा झोन दाखला. तिसरा कागद मागितला की बरेच विकणारे चहा न घेताच उठतात.

हा झोन कोण ठरवतो? महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे आराखडा तयार होतो. कुठे शेती, कुठे वस्ती, कुठे कारखाना, कुठून रस्ता, हे नकाशात रंगाने दाखवतात. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागवतात, त्याला मुदत असते, आणि मुदतीत लेखी हरकत देणाऱ्याला सुनावणी मिळते. आमच्या पाहण्यात असे आले आहे की गावात ही नोटीस लागते तेव्हा धानाची रोवणी असते किंवा उसाची तोड, आणि ती कोणी वाचत नाही. वाचतो तो दलाल.

नवी मुंबईच्या विमानतळाभोवती काय झाले ते पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०१३ मध्ये सरकारने त्या विमानतळाच्या प्रभावक्षेत्राला 'नैना' नाव दिले आणि तेथील दोनशेहून अधिक गावांच्या नियोजनाचे काम सिडकोकडे सोपवले. तिथे नगररचना योजना करताना मालकाची जमीन एकत्र घेऊन रस्ते, शाळा, मोकळी जागा काढतात आणि ४० टक्के जमीन आखीव भूखंडाच्या रूपाने मालकाला परत देतात. कागदावर योजना वाईट नाही. पण साठ टक्के जमीन जाणार हे ऐकून गावे उठली, मोर्चे झाले, आणि बऱ्याच ठिकाणी अजून कुरबुर आहे. विमानतळाच्या हद्दीतच ज्यांची जमीन गेली त्यांना २२.५ टक्के विकसित भूखंडाचे पॅकेज मिळाले, ते आपोआप मिळाले नाही. त्याच्या मागे दि. बा. पाटलांनी उभा केलेला जुना लढा होता. १६ व १७ जानेवारी १९८४ ला उरण भागात गोळीबार झाला, पाच शेतकरी गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचे तत्त्व सरकारच्या गळी उतरले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विमानतळाचे उद्घाटन झाले.

जपानमधील नारिता विमानतळाची गोष्टही अशीच आहे. १९६६ साली सरकारने शेतकऱ्यांना न विचारता सानरिझुका भागातील जागा ठरवली. शेतकरी अडून बसले, चकमकी झाल्या, दोन्ही बाजूंची माणसे मेली. विमानतळ १९७८ मध्ये एकाच धावपट्टीवर सुरू झाला. दुसरी धावपट्टी २००२ मध्ये झाली, तीही ठरल्यापेक्षा आखूड, कारण मधली शेते मिळाली नाहीत. पुढे कितीतरी वर्षे विमाने भाजीच्या वावराला वळसा घालून जात राहिली. मधल्या काळात सरकारने शेतकऱ्यांची माफी मागितली. आधी विचारले असते तर माफीची पाळी आली नसती, हे आमचे मत.

आमचे आणखी एक मत आहे, ते नगररचनावाल्यांना पटेल न पटेल. विमानतळाभोवती सर्वांत सोयीचा शेजारी शेतकरीच आहे. धान कमरेएवढे, हरभरा गुडघ्याएवढा, भाजीपाला त्याहून खाली. रात्री आवाज झाला तर पिकाची झोप मोडत नाही. वस्ती आली की शाळा येते, कचरा येतो, घारी येतात, मजले येतात, आणि मग विमानतळाविरुद्ध तक्रारीही तीच वस्ती करते. तेव्हा टोकाकडची जमीन हरित पट्ट्यात ठेवायला आमचा विरोध नाही. पण हरित पट्टा म्हणजे फुकट पट्टा नव्हे. ज्याला बांधू द्यायचे नाही, उंच झाड लावू द्यायचे नाही, त्याला कालव्याचे पाणी, वीजपंपाची जोडणी आणि रस्ता आधी मिळाला पाहिजे, आणि जुने झाड तोडायला लावले तर कायद्यातील भरपाई मागायला त्याने लाजू नये. हरकतीच्या अर्जात हेच लिहावे. "आमचा विरोध आहे" एवढ्या एका ओळीचा अर्ज फायलीत पडून राहतो. गट नंबर, धावपट्टीपासूनचे अंतर, सध्याचे पीक, विहीर आणि नेमकी मागणी लिहिलेला अर्ज सुनावणीत वाचला जातो.

बांधकाम करायचेच असेल तर परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडे आधी रंगीत उंची-नकाशा पाहायला मागावा. ज्या विमानतळांसाठी असा नकाशा केला आहे, तिथे प्रत्येक चौकोनाला रंग व समुद्रसपाटीपासूनची उंची दिलेली असते. त्या उंचीच्या आत असाल तर स्थानिक कार्यालय स्वतःच परवानगी देऊ शकते. लाल चौकोनात किंवा नकाशाच नसेल तिथे विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला लागतो. त्याच्या अर्जाला जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लागते. मोबाइलवर दिसणारा आकडा चालत नाही, मोजणी करून सही-शिक्क्याचा लागतो.

ज्या सभासदांचे किंवा त्यांच्या सोयऱ्यांचे वावर बिरसीच्या बाजूला आहे त्यांनी सातबारा आणि गट नकाशाची प्रत घेऊन गट ऑफिसात यावे. धावपट्टीच्या टोकापासूनचे अंतर आणि उताराप्रमाणे येणारी ढोबळ उंची आम्ही काढून देऊ. जावयाच्या वावराची काढून दिली आहे. ते नरसाळ्याखाली येते. त्याने निलगिरीचा बेत सोडला आणि धुऱ्यावर तूर टोकली.